गळ्याशी आलेले प्रश्न

दोन अंकांपूर्वी थायरॉइडच्या गाठींवर लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ टाकून दिली होती की आजकाल गाठीचे जीनही तपासतात, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. तर ते पुन्हा कधीतरी आजच आलं, कारण त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त मेल आलेत. बऱ्याच जणांनी थेट रिपोर्टचे फोटो पाठवलेत, काही उलटे, काही अर्धे, एकावर चहाच्या कपाचा गोल. नावगाव काढून चार प्रश्न घेतलेत. एक आधीच सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मला पेशंट भेटत नाही, पेशंटची गाठ भेटते, त्यामुळे गोळीचा डोस वाढवू का कमी करू हे मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझं वय ४१, सांगली जिल्हा. मार्चमध्ये थायरॉइडचं ऑपरेशन झालं, पूर्ण ग्रंथी काढली, पॅपिलरी कॅन्सर निघाला. मग गाठीची जीन टेस्ट केली, त्यात लिहिलंय 'बीआरएएफ व्ही६००ई डिटेक्टेड' आणि खाली 'टीपी५३ नॉट डिटेक्टेड, पीटेन नॉट डिटेक्टेड, टर्ट नॉट डिटेक्टेड'. मुलाने गुगल केलं तर टीपी५३ आणि पीटेन हे कॅन्सरपासून वाचवणारे जीन आहेत असं आलं. म्हणजे माझ्या शरीरात ते नाहीतच का? आता दुसरीकडेही कॅन्सर होणार का, आणि मुलांना? पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे, तोवर झोप येत नाही.

उत्तर: आधी झोपेचं बघू. तुमचे टीपी५३ आणि पीटेन दोन्ही जागेवर आहेत. रिपोर्ट नेमकं तेच सांगतोय, फक्त अशा भाषेत की कुणालाही उलटं वाटावं.

असं समजा, पेस्ट कंट्रोलवाला घर बघून गेला आणि कागदावर लिहून गेला, 'किचन: आढळले नाही, बेडरूम: आढळले नाही'. आता तुम्ही काय म्हणाल, आमच्याकडे किचनच नाही? झुरळ आढळलं नाही हो, किचन आहे. तसंच हे. 'नॉट डिटेक्टेड' हे जीनबद्दल नाही, त्या जीनमधल्या बिघाडाबद्दल आहे. टीपी५३ मध्ये बिघाड सापडला नाही, पीटेनमध्ये सापडला नाही, बीआरएएफमध्ये सापडला. तुमच्या मुलाला रागवू नका, त्याने शोधलेली माहिती बरोबरच होती, फक्त ती या ओळीला लावायची कशी हे रिपोर्टने सांगितलं नाही. माझ्या माहितीतल्या एका सर्जननेही एकदा फोन करून हेच विचारलं होतं, जरा हळू आवाजात.

आता थोडं खोलात जाते, कारण तुम्ही विचारलंयच. गाठीत बिघडणारे जीन ढोबळ दोन जातींचे. एक जात पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारी, बीआरएएफ त्यातला. त्याच्या प्रोटीनमध्ये सहाशेव्या जागेवरचा एक कण बदलतो, व्हॅलीनच्या जागी ग्लुटामेट येतं, आणि बटण दाबलेलंच राहतं. व्ही६००ई म्हणजे एवढंच. पॅपिलरी कॅन्सरच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गाठींमध्ये हा सापडतो, त्यामुळे तुमच्या रिपोर्टमध्ये तो आला यात मला तरी काही धक्कादायक वाटलं नाही. दुसरी जात थांबवणारी, तिला ट्यूमर सप्रेसर म्हणतात, टीपी५३, पीटेन, एपीसी हे त्यातले. गंमत अशी की पहिल्या जातीच्या जीनची एकच प्रत बिघडली तरी पुरतं, पण दुसऱ्या जातीत बहुतेक वेळा दोन्ही प्रती जाव्या लागतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. गॅसच्या डबल कनेक्शनसारखं आहे ते, एक सिलिंडर संपला तरी स्वयंपाक थांबत नाही, कुणाला कळतही नाही, दुसरा संपला की मग मात्र खरी पंचाईत. काही माणसं जन्मतःच सिंगल कनेक्शनवर असतात, आईवडिलांकडून एक प्रत बिघडलेलीच येते, त्यांची पंचाईत लवकर आणि जास्त ठिकाणी होऊ शकते. ही गोष्ट १९७१ साली आल्फ्रेड नुडसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने मांडली, तीसुद्धा थायरॉइडवरून नाही, डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर झालेल्या ४८ मुलांच्या केसेस आणि वयं यांचं गणित मांडून, तेव्हा असा एकही जीन प्रत्यक्ष हातात आलेला नव्हता. रेटिनोब्लास्टोमाचा जीन सापडायला १९८६ उजाडलं.

थायरॉइडमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पॅपिलरी कॅन्सरमध्ये थांबवणारी मंडळी सहसा शाबूत असतात. २०१४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पात जवळजवळ पाचशे पॅपिलरी गाठींचे जीन उलगडून बघितले गेले, तर बाकीच्या कॅन्सरच्या मानाने फारच कमी बिघाड सापडले, आणि टीपी५३ बिघडलेली गाठ शंभरात एखादी, तीही जेमतेम. म्हणजे कुणीतरी बटण दाबून धरलंय पण घरातली मोठी माणसं जागी आहेत. हा कॅन्सर होऊनही माणसं वीस-तीस वर्षं नातवंडं खेळवत बसतात त्याची जी कारणं आहेत त्यातलं हे एक मोठं. बीआरएएफबरोबर टर्टही, म्हणजे पेशीला न थकता विभागत ठेवू शकणारा जीन, बिघडलेला असता तर मी जरा गंभीरपणे लिहिलं असतं, पण तो बिघाडही तुमच्या गाठीत सापडलेला नाही. शिवाय पॅपिलरीत वय पंचावन्नच्या आत असेल आणि फुप्फुस, हाडं अशा लांबच्या ठिकाणी पसरलेला नसेल तर स्टेज पहिलीच धरतात, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये गेलेला असला तरीही. तुमच्या रिपोर्टच्या फोटोत तेवढा भाग कापला गेलाय म्हणून मी स्टेज सांगत नाही, डॉक्टरांना विचारा.

मुलांबद्दल. ही टेस्ट गाठीच्या ब्लॉकवर झालीय, रक्तावर नाही. म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तुमच्या गाठीचा तुकडा असतो त्याच्यावर. बीआरएएफचा हा बिघाड गाठीत, तुमच्या हयातीत झालाय, गाठ निघून गेली तशी ती पेशीही गेली, तो आईकडून मुलाकडे जात नाही. तो ब्लॉक मात्र लॅबकडे नीट राहतोय ना एवढं विचारून ठेवा, पुढे कधी लागला तर नव्याने काही कापावं लागत नाही.

प्रश्न: माझ्या बहिणीला (वय २४) थायरॉइडची गाठ होती, पुण्यात ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये 'क्रिब्रिफॉर्म मोर्युलर' असं काहीतरी लिहिलंय. आता डॉक्टर म्हणतायत कोलोनोस्कोपी करा, आणि रक्ताची जीन टेस्टही. गळ्याच्या आजाराला आतड्याची तपासणी? सरळ विचारतो, ही कट प्रॅक्टिस आहे का? वडील २०११ साली मोठ्या आतड्याच्या त्रासाने गेले, पॉलिप होते म्हणे, वय ४३, पण त्याचा थायरॉइडशी काय संबंध?

उत्तर: सरळ विचारलंत ते बरं केलंत, मीही सरळ सांगते. कट प्रॅक्टिस असते, मी काही ती नाही म्हणणार नाही, पण ही ती नाही. तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ वाचून मी खुर्चीत ताठ बसले. संबंध त्या ओळीतच आहे.

ही गाठ आम्हाला काचेखाली कशी दिसते ते सांगते, कारण अशी गाठ आयुष्यात मोजक्याच वेळा समोर येते आणि आली की विसरत नाही. नॉर्मल थायरॉइड म्हणजे गोल गोल कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात गुलाबी कोलॉइड भरलेलं, साबुदाण्याच्या खिचडीतला एकेक दाणा सुटा असावा तसं. या गाठीत कप्पे असतात पण रिकामे, एकमेकांना चिकटलेले, मधे भिंत नाही म्हणावी इतकी बारीक, एकूण दिसते ती चाळणी. क्रिब्रिफॉर्म म्हणजे चाळणीसारखं. आणि मधूनच पेशींचे गरगर फिरलेले घट्ट पुंजके, भोवऱ्यासारखे, ते मोर्युल. मग आम्ही बीटा कॅटेनिन नावाचं प्रोटीन कुठे आहे ते दाखवणारा स्टेन, म्हणजे रंग, लावतो. एरवी तो पेशीच्या कडेला बारीक तपकिरी रेघ दाखवतो, इथे पेशीचं केंद्रकच्या केंद्रक तपकिरी होऊन बसतं. ते दिसलं की पॅथॉलॉजिस्टने सर्जनला फोन करायचा असतो आणि एकच विचारायचं असतं, घरात कुणाला आतड्याचे पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर उगवणारे कोंब, होते का.

कारण बीटा कॅटेनिनला पकडून मोडीत काढायचं काम एपीसी नावाच्या जीनचं, तोही थांबवणाऱ्यांपैकीच. एपीसी गेला की बीटा कॅटेनिन साठत जातं, केंद्रकात घुसतं आणि 'वाढ' म्हणत सुटतं. एपीसीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर मोठ्या आतड्यात विशी-बाविशीपर्यंत शेकड्याने पॉलिप येतात, आणि काही केलं नाही तर त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होणं जवळजवळ ठरलेलं, तेही साधारण चाळिशीच्या आसपास. वडिलांचं वय तुम्हीच लिहिलंय. या लोकांपैकी थोड्यांना, आणि त्यात मुख्यतः तरुण मुलींना, ही थायरॉइडची गाठ येते, कधीकधी आतड्याचा पत्ता लागायच्या आधीच. पूर्वी तिला पॅपिलरीचाच एक उपप्रकार म्हणायचे, २०२२ पासून डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात तिला वेगळं नाव दिलंय. सगळ्याच अशा गाठी घराण्यातून येतात असं नाही, काहींमध्ये एपीसी फक्त गाठीतच बिघडलेला निघतो, म्हणून तर रक्ताची टेस्ट लिहून दिलीय. पण तुमच्या वडिलांची गोष्ट ऐकल्यावर मी तरी थांबले नसते.

आता खरं बोलायचं ते तुमच्याबद्दल. वडिलांकडून बिघडलेली प्रत येण्याची शक्यता प्रत्येक मुलाला निम्मी, बहिणीला आली म्हणून तुम्हाला चुकली असा काही हिशोब नसतो, नाणं प्रत्येकासाठी वेगळं उडतं. बहिणीच्या रक्तात नेमका कुठला बिघाड आहे ते कळलं की तुमच्या रक्तात फक्त तेवढीच जागा बघायची, ती टेस्ट सोपी आणि स्वस्त पडते. बिघाड नाही निघाला तर तुमची कोलोनोस्कोपीतून सुटका. आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, मुंबईत टाटा हॉस्पिटलची कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे, पुण्यातही मोठ्या हॉस्पिटलांत सोय होते. वडिलांचे जुने कागद असतील तर घेऊन जा, माळ्यावरच्या त्या पिशवीत असतातच. आईला कसं सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते अवघड जाणार आहे, तेही काउन्सेलरला विचारा, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

जाता जाता, पीटेनवालंही असंच एक घराणं असतं. त्याला काऊडन सिंड्रोम म्हणतात, १९६३ साली पहिल्यांदा वर्णन झालं आणि नाव डॉक्टरांचं नाही तर पेशंटच्या आडनावाचं पडलं. त्यात थायरॉइडचा कॅन्सर बहुधा फॉलिक्युलर जातीचा (पॅपिलरीसारखाच एक वेगळा प्रकार), स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त, हिरड्यांवर-जिभेवर बारीक खडबडीत दाणे, आणि डोक्याचा घेर मोठा. घरात टोपी कुणाला बसत नाही हे क्लिनिकमध्ये विचारलेलं ऐकलं तर हसू नका.

प्रश्न: काकांना (वय ७२) गेली तीस वर्षं गलगंड होता, कधी त्रास नाही, गावाकडे कुणी काढायच्या भानगडीत पडलं नाही. दिवाळीनंतर दीड महिन्यात गाठ दुप्पट झाली, आवाज बसला, गिळताना ठसका लागतो. सुईची तपासणी केली, मग तुकडा काढला, अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सर म्हणाले. नातेवाईक म्हणतात सुई लावली म्हणून भडकला. तीस वर्षं शांत असलेली गाठ अशी अचानक कशी काय बिघडते?

उत्तर: सुईचा काही दोष नाही, सुई लावायची वेळ आली तीच मुळात गाठ वाढली म्हणून. दीड महिन्यात दुप्पट झाली हे तुम्हीच लिहिलंय आणि ते सुईच्या आधीचं. सुईने जीन मोडत नाही. हे नातेवाइकांना सांगा, आणि ज्यांनी काकांना सुईसाठी गाडीत घालून नेलं त्यांना तर आधी सांगा, नाहीतर तो माणूस जन्मभर मनात घेऊन बसेल.

अचानक कशी, तर इथे टीपी५३ येतो. माझे वडील रेल्वेत होते, कर्जतला आमचं क्वार्टर. खंडाळ्याहून कर्जतकडे घाट उतरताना कॅच सायडिंग असतात, मेन लाइन सोडून बाजूला चढावर जाणारा आणि पुढे संपून जाणारा रूळ. उतरणाऱ्या गाडीने आधी त्याच्या अलीकडे थांबायचं, थांबून दाखवलं म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे कळलं की मगच मेन लाइन द्यायची, आणि जी थांबूच शकली नाही ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकते. त्या गाडीचं जे व्हायचं ते होतं पण खालचं स्टेशन वाचतं. लहानपणी मला वाटायचं की हा रूळ कुठल्यातरी दुसऱ्या गावाला जातो.

टीपी५३ जीनपासून बनणारं प्रोटीन म्हणजे पी५३, तो पेशीत हेच करतो. पेशी विभागायच्या आधी तिचा डीएनए तपासला जातो, मोडतोड दिसली की पी५३ तिला थांबवतो, दुरुस्ती झाली तर सोडतो, नाही झाली तर पेशीला मरायला लावतो. याच्या नावातले ५३ म्हणजे प्रोटीनचं वजन प्रयोगशाळेतल्या जेल-चाचणीत ५३ हजार डाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं एकक) दिसलं म्हणून, नंतर कळलं की खरं वजन ४४ हजारांच्या आसपास आहे, पण नाव पडलं ते पडलं. आणि १९७९ ला सापडल्यावर पुढची दहा वर्षं लोक याला कॅन्सर करणारा जीन समजत होते, कारण प्रयोगशाळेत हाताशी होता तो बिघडलेला नमुना होता. असो.

जुन्या गाठीत बऱ्याचदा कुठेतरी कोपऱ्यात एखादा शांत पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कॅन्सर बसलेला असतो, आम्हाला अ‍ॅनाप्लास्टिकच्या शेजारी तो काचेवर दिसतोही, एका बाजूला शिस्तीत बसलेल्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला नुसता धुमाकूळ. तिथे वर्षानुवर्षं बारीकसारीक बिघाड साठतात आणि मग एखाद्या पेशीत टीपी५३ जातो. पॅपिलरीत जो शंभरात एखाद्यात बिघडलेला असतो तो अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये निम्म्याहून जास्त गाठींत बिघडलेला असतो. सायडिंगच उखडून टाकलं म्हणा. मग मोडक्या डीएनएची पेशीसुद्धा विभागतच राहते, प्रत्येक पिढीत नवीन मोडतोड, आणि ती थायरॉइडची पेशी आहे हेही विसरते, आयोडीन ओढून घेत नाही, म्हणून रेडिओआयोडीनचा उपयोग इथे होत नाही. म्हणजे तुम्हाला जे दीड महिन्यात दिसलं त्याची तयारी आतमध्ये बरीच वर्षं चालू असावी.

पुढचं लिहायला मला जड जातंय पण तुम्ही खोटं ऐकायला लिहिलं नसणार. हा थायरॉइडचा सगळ्यात वाईट प्रकार, सुदैवाने शंभरात एक-दोनच, आणि आयुष्य बहुतेकांचं महिन्यांत मोजावं लागतं. बिघडलेला टीपी५३ परत नीट करणारं औषध आज थायरॉइडसाठी हातात नाही. पण एक गोष्ट या आठवड्यात करा, पुढच्या नाही: काढलेल्या तुकड्यावर बीआरएएफ तपासला का ते विचारा. त्यात व्ही६००ई बिघाड निघाला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी वापरता येते, २०१८ मध्ये अमेरिकेत ती नेमक्या याच आजारासाठी मंजूर झाली, काहींमध्ये गाठ खरंच झपाट्याने बसते. खर्च मोठा आहे, सगळ्यांना लागू पडते असंही नाही. आणि श्वासाचं काय करायचं, गळ्यात नळी घालायची का नाही, हे काका शुद्धीवर आणि बोलते आहेत तोवर त्यांनाच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात पुतण्यांनी ठरवायची ही गोष्ट नाही.

प्रश्न: 'ट्यूमर सप्रेसर जीन अ‍ॅक्टिव्हेट करणारी' पावडर व्हॉट्सअपवरून मागवली, मिसेसना थायरॉइडचं ऑपरेशन झालंय म्हणून. रोज सकाळी दुधातून घ्यायची आहे. चालेल का?

उत्तर: जीन पावडरने जागा होत नाही. हत्तीकडे टीपी५३ च्या चाळीसेक प्रती असतात, आपल्याकडे दोन, आणि हत्ती काही पावडर घेत नाही. पण माझी काळजी वेगळीच आहे. मिसेस थायरॉक्सिनची गोळी घेत असणार, ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. तुमच्या फोटोत डब्याच्या मागे कॅल्शियम, लोह आणि सोया प्रोटीन छापलंय, तिन्ही त्या गोळीला पोटात नीट शोषू देत नाहीत, शिवाय दूध म्हणजे वरून आणखी कॅल्शियम. म्हणजे पावडरपायी गोळी वाया आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वर, जो कॅन्सरनंतर आपल्याला मुद्दाम खाली ठेवायचा असू शकतो. डबा फोडला असेल आणि टाकवत नसेल तर तुम्ही स्वतः घ्या, दुपारी. मिसेसनी किती दिवस घेतली ते मात्र लिहून ठेवा, आणि पुढचा टीएसएच बघताना डॉक्टरांना ते सांगा.